मध्येच लटकणारा स्वल्पविराम: इंग्रजीतल्या 'चा-ची-चे'ची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत, तरी काही राहिले असतील.)

आजच्या भागाची एक गंमत आधीच सांगून टाकतो. हा विषय पॉडकास्टसाठी अगदी चुकीचा आहे, कारण तो ऐकूच येत नाही. मी आत्ता 'बॉईज' म्हणालो. अनेक मुलगे, एका मुलाचं, की अनेक मुलांचं? इंग्रजीत तिन्हींचं स्पेलिंग वेगळं, उच्चार मात्र एकच. फरक आहे तो फक्त कागदावर, वर लटकणाऱ्या एका स्वल्पविरामाचा. तो कधी 'एस'च्या आधी येतो, कधी नंतर, कधी येतच नाही. त्यालाच अपॉस्ट्रॉफी म्हणतात. म्हणून आजचा भाग ऐकण्यापेक्षा वाचलेला बरा.

या टिंबाशी माझं जुनं वैर आहे. बीटेक झालं, पुण्यात पहिली नोकरी लागली, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रिलीज नोट्स लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी एका वाक्यात 'सिस्टीम आणि तिचे युजर्स' या अर्थाने इट'स लिहिलं, मध्ये टिंब देऊन. कॉलवर अकरा जण होते. एका सीनियरने स्क्रीन शेअर करून त्या शब्दावर कर्सर गोल गोल फिरवला आणि विचारलं, "हे शाळेत शिकवत नाहीत का?" मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातला. कान गरम झाले. कोड चुकला असता तर इतकं लागलं नसतं, खरंच.

त्या रात्री नियम पाठ केला. नामाला मालकी दाखवायची तर टिंब आणि एस. 'इट'ची मालकी दाखवायची तर टिंब नाही. टिंब दिलं तर ते 'इट इज'. नियम पाठ झाला, पण 'का' सापडेना. राजाला टिंब, मुलाला टिंब, कुत्र्याला टिंब, मग या बिचाऱ्या 'इट'नेच काय घोडं मारलंय? हे शोधायला गेलो आणि हजार वर्षं मागे जाऊन पोचलो.

तर, हजार वर्षांपूर्वीचं इंग्रजी आपल्याला बऱ्यापैकी ओळखीचं वाटलं असतं, कारण त्यात विभक्त्या होत्या. 'किंग'चं तेव्हाचं रूप 'क्युनिंग', आणि षष्ठी 'क्युनिंगेस', म्हणजे राजाचा. पण सगळ्याच नामांना 'एस' लागत नसे. पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांपैकी बऱ्याच जणांना 'एस', स्त्रीलिंगी नामांना बहुतेक वेळा नुसता 'ए', काही नामांना 'अन', आणि अनेकवचनाला 'आ'. थोडक्यात 'रामस्य, हरेः, नद्याः' असला प्रकार. टिंब कुठेच नाही.

या षष्ठीचे सांगाडे आपण रोज वापरतो. बुधवारचं इंग्रजी स्पेलिंग आठवा. मध्ये जी 'एन-ई-एस' अक्षरं येतात आणि लहानपणी छडी खायला लावतात, ती म्हणजे वोडन या जुन्या देवाची षष्ठी, 'वोडनचा दिवस'. गुरुवारमधला 'एस'सुद्धा तसाच, तिथला देव थोर. सोमवार मात्र चंद्राचा, आणि चंद्राच्या नामाला 'अन' लागायचा, म्हणून सोमवारात 'एस' नाही. कॅलेंडरमध्ये आख्खं व्याकरण लपलंय आणि आपण त्यात सुट्ट्या शोधतो.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत इंग्रजीची रूपं झिजत गेली. ही झीज आधीच सुरू झालेली होती, तेव्हा सगळं बिल नॉर्मनांच्या नावावर फाडू नये. चौदाव्या शतकात, चॉसरच्या काळापर्यंत, षष्ठीचे बाकीचे प्रत्यय जवळजवळ संपले आणि 'एस' तेवढा टिकला. तो स्वतंत्र ऐकू यायचा, 'किंगेस' असा. अनेकवचनाचा प्रत्ययही झिजून तसाच झाला होता. दोन वेगळी कामं, एकच आवाज. आजचा सगळा घोळ इथे पेरला गेला.

आता टिंबाकडे येऊ. ते इंग्रजांचं नाहीच. शब्द ग्रीक, आणि छापखान्यात त्याला चांगले दिवस आले ते इटलीत नि फ्रान्समध्ये. व्हेनिसच्या आल्डस मनुशियसने १५०१ मध्ये छापलेल्या पेत्रार्कच्या कवितांत ते दिसतं. पुढे १५२९ मध्ये जॉफ्रुआ तोरी या फ्रेंच मुद्रकाने फ्रेंचमध्ये ते वापरावं असा आग्रह धरला. काम एकच, इथला स्वर गळलाय हे सांगणं. हे आपल्याला समजावून सांगायची गरजच नाही. आपल्याकडे अवग्रह आहे. 'कोऽहम्' मधलं ते इंग्रजी एससारखं दिसणारं चिन्ह काय सांगतं? इथे एक 'अ' होता, तो गेला. अपॉस्ट्रॉफी म्हणजे जन्माने अवग्रह. मालकीशी तिचा काडीचाही संबंध नव्हता.

सोळाव्या शतकात ती इंग्लंडमध्ये पोचली आणि तिथल्या मुद्रकांना आयतं काम मिळालं. 'किंगेस'मधला 'ए' आता बोलण्यातून गळला होता, 'किंग्ज' राहिलं होतं. मग काही जण त्या गळलेल्या 'ए'च्या जागी टिंब द्यायला लागले. काही जण नाही. तेच मुद्रक एका पानावर देत, दुसऱ्या पानावर विसरत. शेक्सपियरच्या नाटकांचा पहिला मोठा संग्रह, फर्स्ट फोलिओ, १६२३ मध्ये छापला गेला. त्यात 'द विंटर्स टेल' आणि 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' ही दोन्ही शीर्षकं टिंबाशिवाय आहेत. आज कुणी मुलाने परीक्षेत तशी लिहिली तर मार्क जातील. शेक्सपियर तेव्हा हयात नव्हता, पण असता तरी त्याने तक्रार केली असती असं मला वाटत नाही.

इथे गोष्टीत खरा ट्विस्ट येतो, आणि माझा हा सगळ्यात आवडता भाग आहे.

लोकांना प्रश्न पडला, की या 'एस'च्या आधी नक्की काय गळलंय? जुनी विभक्ती विसरली गेली होती. मग एक उत्तर लोकांना फार पटलं, की इथे 'हिज' हा शब्द गळलाय. 'द किंग हिज हॉर्स', म्हणजे 'राजा, त्याचा घोडा', आणि त्याचं आखूड रूप 'किंग'स हॉर्स'. कानाला हे बरोबरच वाटतं. घाईत बोलताना 'हिज'मधला 'ह' पडतो, उरतं 'इज', आणि ते जुन्या 'एस' प्रत्ययासारखंच ऐकू येतं. आपणही असं बोलतोच की. "आमचे शेजारचे काका आहेत ना, त्यांची गाडी." यात चुकीचं काहीच वाटत नाही.

लोक हे नुसतं म्हणत नव्हते, तसं लिहीत आणि छापत होते. बेन जॉन्सन या नाटककाराचं एक नाटक १६०५ मध्ये छापलं गेलं, त्याचं नावच 'सेजेनस हिज फॉल', सेजेनस त्याचं पतन. १६६२ च्या इंग्लिश चर्चच्या प्रार्थनापुस्तकात 'जीझस क्राइस्ट हिज सेक' अशी रचना आहे. गंमत म्हणजे याच जॉन्सनने इंग्रजीचं एक व्याकरण लिहिलं, जे त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापलं गेलं, आणि त्यात त्याने या 'हिज'ला चक्क राक्षसी वाक्यरचना ठरवलंय. स्वतःच्या नाटकाचं नाव काय होतं ते साहेब विसरले असावेत. जुना कोड उघडून 'हे कुठल्या गाढवाने लिहिलंय' म्हणायचं आणि हिस्टरीत आपलंच नाव सापडायचं, तसं.

'हिज'च्या विरोधात ठामपणे उभा राहिला तो एक गणितज्ञ. जॉन वॉलिस. इंजिनिअर मंडळी त्याला ओळखतात, नावाने नसेल कदाचित, पण अनंताचं ते आडव्या आठसारखं चिन्ह गणितात त्याने आणलं. त्याने १६५३ मध्ये लॅटिनमधून इंग्रजीचं व्याकरण लिहिलं आणि स्पष्ट सांगितलं, की हा 'एस' म्हणजे 'हिज' समजणारे साफ चुकतायत. कुणी फारसं ऐकलं नाही. १७११ मध्ये, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांनी, जोसेफ ॲडिसनसारखा नावाजलेला निबंधकार 'स्पेक्टेटर'मध्ये लिहितो, की हे एक अक्षर आपल्या पूर्वजांच्या 'हिज' आणि 'हर'चं काम करतं.

शेवटी १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनच्या प्रसिद्ध शब्दकोशाच्या सुरुवातीला जे व्याकरण आहे, त्यात या तर्काची विकेट पडली. त्याचा युक्तिवाद साधा आहे. 'स्त्रीचं सौंदर्य' म्हणतानाही आपण 'एस'च लावतो. मग तिथे काय म्हणायचं, 'स्त्री, त्याचं सौंदर्य'? एक टेस्ट केस, आणि शंभर-दीडशे वर्षांची थिअरी आडवी. जॉन्सनने तिथे वॉलिसचं मतही उद्धृत केलंय.

पण तोवर टिंब घट्ट बसलं होतं. सतराव्या शतकाच्या अखेरीला एकवचनी षष्ठीत टिंब देणं बऱ्यापैकी रूढ झालं. म्हणजे १६७४ ला रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा ज्या नियमावरून आज आपले मार्क कापले जातात तो लंडनमध्येही धड ठरलेला नव्हता. अनेकवचनाचं टिंब, 'एस'च्या नंतर येणारं, त्याहूनही उशिरा, अठराव्या शतकात रुळलं. आणि तिथे तर काहीही गळलेलं नाही! ना 'ए', ना 'हिज'. लोप दाखवणारी खूण, लोप नसलेल्या जागी, केवळ 'इथे मालकी आहे' हे सांगायला. अवग्रहाने आपली मूळ नोकरी सोडून नवीनच धंदा सुरू केला.

एक छोटं विषयांतर. मधल्या काळात हा 'एस' प्रत्यय राहिलाच नव्हता, तो आपल्या 'चा'सारखा वागायला लागला होता. चॉसरच्या हस्तलिखितांत 'द वाइव्ज टेल ऑफ बाथ' असं येतं, म्हणजे 'एस' थेट बाईला चिकटलाय आणि बाथ हे गाव मागे राहिलंय. आज आपण 'वाइफ ऑफ बाथ'स टेल' म्हणतो. 'एस' सगळ्या शब्दसमूहाच्या टोकाला जाऊन बसला. आपल्याकडे 'राम आणि श्यामचं घर' म्हणताना 'चं' जसं शेवटी एकदाच येतं आणि दोघांनाही पुरतं, तसंच. शाळेत 'षष्ठी: चा, ची, चे' घोकलेल्या पोराला हे इंग्रजांपेक्षा लवकर कळायला हवं, पण कुणी असं शिकवत नाही. फरक एवढाच, की आपलं 'चं' ऐकू येतं. मुलं, मुलाचं, मुलांचं. कान फसत नाही. म्हणूनच आपल्याला ते टिंब इतकं उपरं वाटतं.

आता माझ्या 'इट्स'कडे येतो.

जुन्या इंग्रजीत नपुंसकलिंगी सर्वनामाची षष्ठी 'हिज'च होती. झाड आणि 'हिज' फळ. 'इट्स' हा शब्दच मुळात सोळाव्या शतकाच्या अखेरीचा. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये तो नाही. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात जिथे आज 'इट्स' छापलं जातं, तिथे पहिल्या आवृत्तीत नुसतं 'इट' होतं. मग जेव्हा हा नवा शब्द रुळायला लागला, तेव्हा लोक तो कसा लिहीत? बरोबर. टिंब देऊन. कारण नामाला मालकी दाखवायला टिंब आणि एस, मग इटलाही टिंब आणि एस. अगदी माझंच लॉजिक! सतराव्या-अठराव्या शतकात शिकले-सवरलेले लोक मालकीच्या अर्थाने इट'स लिहीत. तेव्हा 'तुमचं' आणि 'आमचं' यांच्या इंग्रजी रूपांतही एसच्या आधी टिंब देणारे होते.

आणि हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरात एक फेरी मारली: अमेरिकेच्या संविधानात तेच आहे. १७८७ ची मूळ हस्तलिखित प्रत. पहिलं कलम, दहावा विभाग. राज्यांनी आयात-निर्यातीवर कर लावण्याबद्दलचं वाक्य आहे, आणि त्यात राज्याचे 'त्याचे' तपासणी-कायदे म्हणताना इट'स लिहिलंय. टिंब देऊन. लिहिणारा जेकब शॅलस, पेन्सिल्व्हेनियाच्या विधिमंडळातला कारकून. खाली वॉशिंग्टन, फ्रँकलिन, मॅडिसन धरून एकोणचाळीस जणांच्या सह्या. त्यातल्या कुणीही कर्सर गोल गोल फिरवला नाही.

कारण ती तेव्हा चूक नव्हती. पुढे एकोणिसाव्या शतकात मुद्रक आणि शाळामास्तरांनी वाटणी करून टाकली. टिंबवालं रूप 'इट इज'ला, बिनटिंबाचं मालकीला, आणि सगळी मालकीवाचक सर्वनामं बिनटिंबाची. सोयीचा निर्णय होता, वाईट नव्हता. पण माझ्या त्या कॉलवर जणू न्यूटनचा नियम मोडल्यासारखी शांतता पसरली होती, तेवढा काही तो जुना नाही.

बरं, आज तरी सगळं ठरलंय का? २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 'कॅन्सस विरुद्ध मार्श' हा खटला होता. प्रश्न फाशीचा. आरोपीच्या बाजूचं आणि विरोधातलं पारडं अगदी समान असेल तरी फाशी देता येईल, असा त्या राज्याचा कायदा, तो वैध की नाही? निकाल पाच विरुद्ध चार. बहुमताचं निकालपत्र लिहिलं क्लॅरेन्स थॉमस यांनी, विरोधी मत डेव्हिड सूटर यांनी. आणि दोघांनी 'कॅन्ससचा' हा शब्दच वेगवेगळा लिहिला! थॉमस यांनी नुसतं टिंब दिलं, सूटर यांनी टिंब देऊन आणखी एक एस जोडला. एका माणसाच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न, देशातलं सगळ्यात वरचं कोर्ट, आणि षष्ठीवर एकमत नाही. थॉमस यांचं स्वतःचं आडनाव 'एस'वर संपतं, तेव्हा त्यांनी या प्रश्नावर आपल्यापेक्षा जास्त विचार केला असणार.

लंडनच्या मेट्रोत पिकॅडिली लाईनवर लागोपाठ दोन स्टेशनं आहेत. अर्ल्स कोर्टला टिंब आहे, बॅरन्स कोर्टला नाही. अमेरिकेत भौगोलिक नावं ठरवणारं सरकारी मंडळ १८९० पासून आहे आणि ते नावांमधलं मालकीचं टिंब काढूनच टाकतं. मार्थाज व्हिनयार्ड बेटासारखे अपवाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. इंग्लंडमध्ये २००९ मध्ये बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने रस्त्यांच्या पाट्यांवरची टिंबं बंद केली. २०१४ मध्ये केंब्रिजने तसंच केलं, पण लोक इतके चिडले की निर्णय मागे घ्यावा लागला. उलट बाजूला, ब्रिस्टल शहरात एक माणूस रात्री लांब दांड्याचं खास अवजार घेऊन दुकानांच्या पाट्यांवरची टिंबं दुरुस्त करत फिरतो, हे २०१७ मध्ये बीबीसीने दाखवलं. नाव सांगितलं नाही त्याने. बॅटमॅनच.

पाट्यांवरची टिंबं का काढतात? इथे आमच्या धंद्याचं नाव येतं, आणि मान खाली घालावी लागते. २०२४ मध्ये नॉर्थ यॉर्कशायरच्या कौन्सिलने हेच केलं तेव्हा कारण सांगितलं, की डेटाबेसमध्ये अशा चिन्हांचा त्रास होतो. वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानांनी २०१२ मध्ये नावातलं टिंब काढलं, तेव्हाही वेबसाइट आणि ईमेलच्या जमान्याचा हवाला होता. टाईपरायटरने आधीच अपॉस्ट्रॉफी आणि एकेरी अवतरणचिन्ह एकाच बटणात कोंबलं होतं. १९६३ मध्ये संगणकांसाठी अक्षरांचे आकडे ठरले, तेव्हाही दोघांना मिळून एकच जागा मिळाली. आज तिचा आकडा एकोणचाळीस. (सह्याही एकोणचाळीस. योगायोग, पुढे चला.) एसक्यूएलमध्ये मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे याच चिन्हाने कळतं. त्यामुळे नावात टिंब आलं की निष्काळजीपणे लिहिलेल्या प्रोग्रॅमला वाटतं मजकूर संपला, आणि पुढचं सगळं तो हुकूम म्हणून वाचायला जातो.

वसईच्या, गोव्याच्या मंडळींना हे मी सांगायला नको. डिसोझा, डिमेलो, डिकुन्हा. यातलं टिंब मालकीचं नाही, ते मूळ कामावरचं, पोर्तुगीज 'दे'मधला गळलेला स्वर दाखवणारं. पण फॉर्मला त्याच्याशी काय देणंघेणं! 'अवैध नाव' असा लाल मेसेज येतो. मग एका कागदावर टिंब, दुसऱ्यावर मोकळी जागा, तिसऱ्यावर सगळं जोडून. पुढे केवायसीच्या वेळी हा माणूस तोच आहे हे त्याने सिद्ध करायचं. उपाय माहीत नाही असं नाही, दुसऱ्या वर्षाच्या लॅबमध्ये शिकवतात. आळस आहे. एका प्रोजेक्टवर असा फॉर्म मीही लिहिलाय, आणि टेस्टिंगमध्ये नावं घेतली होती पाटील, जोशी आणि शेख.

मागच्या महिन्यात टीममधल्या एका नव्या मुलाचा कोड रिव्ह्यू करत होतो. लातूरकडचा आहे, माझ्यासारखाच मराठी माध्यमातला. कमेंटमध्ये त्याने मालकीच्या अर्थाने इट'स लिहिलं होतं. टिंब काढ असं लिहिलं, कारण आजचा नियम तो आहे आणि क्लायंट वाचणार आहे. खाली संविधानाच्या त्या पानाचा फोटो जोडला, शब्दाभोवती लाल गोल करून. अर्ध्या तासाने त्याचा मेसेज आला, "दादा, पान भारी आहे. पण मर्ज करू का?"

कर म्हटलं.